मेमोरियल डेला फुलं घेऊन

मेमोरियल डे आला की आपण ग्रिल बाहेर काढतो. यंदा त्याआधी मुलांना शेजारच्या बोल्सबर्गच्या दफनभूमीत न्या. तिथे तीन बायकांचा पुतळा आहे. १८६४ साली त्यांनी आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहिली आणि तिथूनच हा दिवस सुरू झाला, असं गाव सांगतं. सरकारी मान मात्र १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लूला मिळाला. असो, भांडू देत गावं!

न्यूयॉर्ककडे जाणं झालंच, तर पोकिप्सीला थांबा. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी पोकिप्सीत आपल्या घरच्यांच्या थडग्यांशेजारी ठेवली. तिथं आनंदीबाईंच्या माहेरचं कोणी नाही. फुलं आपणच न्यायची.