डोंगराचे दारिद्र्य आणि घराचे दारिद्र्य
(सुवर्ण ज्युबिलीच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी आपल्या वाडवडिलांची श्रद्धा व मिशनरी धर्मगुरूंचे कष्ट यांचे स्मरण करणे उचितच होय. परंतु ज्युबिली हा केवळ उत्सवाचा दिवस नव्हे. लेवीयाच्या पुस्तकातील आज्ञेनुसार पन्नासाव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावयाचा, आणि दरिद्री मनुष्याला त्याचे गेलेले वतन परत करावयाचे. भूमी आणि गरीब या दोहोंची काळजी देवाने एकाच आज्ञेत घातली आहे.

मी एक कबुली देतो. या धर्मग्रामात मी नवा असताना, उन्हाळ्यातील एका रविवारी मिस्सेच्या वेळी निम्मे देऊळ रिकामे पाहून मी प्रवचनात आळसावर कठोर शब्द बोललो. मिस्सा आटोपून बाहेर येतो तो काय, वाटेवर पाण्याचा टँकर उभा आणि भोवती आमच्याच मायबहिणी हंडे घेऊन ताटकळत आहेत! माझी मान खाली गेली. त्या आळशी नव्हत्या, तहानलेल्या होत्या.

आपला अहमदनगर जिल्हा, ज्याचे नाव आज अहिल्यानगर आहे, बहुतांशी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथे पाऊस थोडा; तोही चार-दोन सरींत कोसळून जातो. डोंगरावर झाडे व गवत असेल, तर ते पाणी हळूहळू मुरून विहिरीस मिळते. डोंगर उघडा असेल, तर तेच पाणी माती घेऊन ओढ्याने निघून जाते. मग विहीर आटते, शेतातील काम संपते, आणि मुकादमाची उचल घेऊन माणसे ऊसतोडणीस जातात. मुलांची शाळा मागे राहते. असा डोंगर उघडा पडला की घरही उघडे पडते.

हे दैव आहे काय? नव्हे! १९४८ साली स्वित्झर्लंडहून भारतात आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी याच जिल्ह्यात आयुष्य वेचले आणि पाणलोटाच्या कार्याचा पाया घातला. त्यांच्या प्रेरणेने १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत पूर्वी वर्षातून जेमतेम तीन-चार महिनेच शेतीचे काम मिळे, आणि उन्हाळ्यात गाव टँकरवर जगे. १९९६ पासून गावकऱ्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, बांध घातले, झाडे लाविली. काही वर्षांतच नऊ-दहा महिने काम मिळू लागले.

तथापि एक गोष्ट विसरू नका. झाडे जगावी म्हणून चराईबंदी करावी लागते. आणि तिचा पहिला भार ज्याला शेत नाही, केवळ चार शेळ्या-मेंढ्या आहेत, त्याच्यावर पडतो. दरेवाडीतही मेंढपाळांनी हरकत घेतली, तेव्हा सर्व डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. विहिरीचे पाणी वाढले म्हणजे लाभ प्रथम विहीरवाल्यास होतो. म्हणून ज्याच्या त्यागाने डोंगर हिरवा झाला, त्याच्या घागरीत व मजुरीत तो लाभ पोहोचला पाहिजे. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावा, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकातून आपणांस शिकविले, ते यासाठीच.

प्रियजनहो, देवाने आदामास बागेत ठेविले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. ज्युबिलीची कमान उद्या उतरेल. येत्या पावसापूर्वी प्रत्येक घराने मिशनच्या मागील टेकडीवर श्रमदानाचा एक दिवस द्यावा, आणि चराईचा निर्णय शेळ्या राखणाऱ्यांना सोबत बसवूनच घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे. रविवारची घंटा वाजेल तेव्हा एकाही मायबहिणीला हंडा आणि देऊळ यांतून निवड करावी लागू नये, हीच आपली खरी ज्युबिली होय.

परमकृपाळू पिता आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.