न बांधलेल्या घराचें चित्र

जें घर अद्याप उभें राहिलेलें नाहीं, तें पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उभें करणें ही वास्तुचित्रकाराची विद्या होय. मुंबईस ती नवी नव्हे. १८७८ सालीं बोरीबंदरच्या स्थानकाचें काम नुकतेंच हातीं घेतलें जात असतां, वास्तुविशारद स्टीव्हन्स यांच्या योजनेवरून ॲक्सेल हेग या मूळच्या स्वीडिश चित्रकारानें त्या इमारतीचें जलरंगी चित्र काढलें. इमारत १८८८ सालीं पुरी झाली. कागदावर मात्र ती दहा वर्षें आधींच उभी होती.

जलरंगांत पहिला हात वाळल्यावांचून दुसरा देतां येत नाहीं, आणि एकदां गडद झालेली जागा पुन्हां उजळणें कठीण जातें. आज वर्सोव्यांतील एखादा विद्यार्थी हेंच काम संगणकाच्या पडद्यावर शिकतो. १९९० सालीं विक्रीस आलेल्या फोटोशॉपसारख्या साधनांनीं त्याची मोठी सोय केली आहे. हातांतील लेखणी दाब ओळखते. जोर दिला कीं रेघ जाड होते. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावे, तसे रंगांचे थर वेगवेगळे राहतात. त्यामुळें आकाशास धक्का न लावतां भिंत पुसतां येते.

परंतु हत्यार बदललें, तरी शिक्षणाचा क्रम बदलत नाहीं. आधीं दृष्टिरेषा, मग छायाप्रकाश आणि सर्वांत शेवटीं रंग. क्षितिज नेहमीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतें, हा पहिला पाठ. दुसऱ्या मजल्याच्या सज्जासमोर चार मजली घर असेल, तर त्यामागचा समुद्र त्या सज्जांतून दिसणार नाहीं. मग तो चित्रांतहि दिसतां कामा नये.

दुसरा पाठ छटांचा. केवळ करड्या रंगांत जें चित्र उठत नाहीं, तें वर कितीहि रंग चढविले तरी उठत नाहीं. सूर्य एका वेळीं एकाच बाजूस असतो. समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे, तोंड केलेल्या भिंतीवर सकाळचें कोवळें ऊन पडत नसतें.

तिसरा पाठ सावलीचा. वर्सोवा सुमारें १९ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून जूनमध्यें भर दुपारीं सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. पण डिसेंबरांत तो दक्षिणेस कलतो, आणि ३० मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेस सुमारें २७ मीटर लांब पडते. त्या बाजूस कोळीवाड्यांतील बोंबील वाळविण्याचें अंगण असेल तर? बोंबील वाळतात ते पावसाळ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत, म्हणजे नेमके सावल्या लांबतात तेव्हां. चित्रकारानें सावली खरी काढली, तर आराखडा बदलण्यास अवकाश असतांच ही अडचण ध्यानांत येते. ती पुसली, तर इमारत उभी राहिल्यावर शेजाऱ्यांस भोगावी लागते.

येथें कौशल्याचा प्रश्न सचोटीचा होऊन बसतो. अनेक कुटुंबें आयुष्याची शिल्लक भरतात ती घर पाहून नव्हे, घराचें चित्र पाहून. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या १२ व्या कलमानें, जाहिरातींतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरल्यामुळें ज्याचें नुकसान झालें, त्यास भरपाईचा, आणि व्यवहारांतून बाहेर पडावयाचें असल्यास सर्व रक्कम व्याजासह परत मिळण्याचा हक्क दिला आहे. पण कायदा येतो तो नुकसान झाल्यानंतर. त्याआधीं उपयोगीं पडतो तो चित्रकाराचा विवेक आणि पाहणाऱ्याची जाण.

म्हणून ही विद्या थोडीफार तरी घरोघरीं माहीत असावी. नव्या घराचें देखणें चित्र समोर आलें, म्हणजे गृहस्थानें व गृहिणीनें तीन गोष्टी विचाराव्या: हें किती उंचीवरून पाहिलें आहे? हें ऊन कोणत्या ऋतूंतलें आणि किती वाजतांचें? आणि या चित्रांतून शेजार कोठें गेला? प्रामाणिक चित्रकाराजवळ या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें तयार असतात, कारण रंग हातीं घेण्यापूर्वीं त्यानें तीं स्वतःलाच विचारलेलीं असतात.