नदीचा लघुपट

कळंबच्या चिंतामणीचे देऊळ आपणांस ठाऊक आहेच. पायऱ्या उतरून खाली जायचे, तिथे कुंड. एखाद्या वर्षी त्यातले पाणी चढत चढत देवाच्या पायांना लागते, अन् 'गंगा आली' म्हणून माणसे लोटतात. गावची चक्रवती नदी मात्र तशीच राहते. तिच्याकडे बघायला कोणाला सवड आहे?

म्हणून गुरुजींना सुचवतो, नदीवरच्या लघुपटांची स्पर्धा घ्या. क्यामेरा आता घरोघरी मोबाइलमध्ये आहे. पोरे डुंबतात तो डोह जरूर टिपा. मौजेवाचून नदीची माया लागत नाही. (पुरात उतरायचे नाही, हे निराळे सांगायला नको.) पण भाद्रपदातला डोह आणि वैशाखातला तोच डोह, एकाच दगडावर उभे राहून घ्या. पाणी किती आटले, घाण कुठून आली, हे न बोलता दिसेल.

पडद्याने काय होते, असे कोणी म्हणेल. २०१६ साली सुरू झालेल्या वॉटर कप स्पर्धेत पाणी अडवण्याचे धडे गावकऱ्यांना चित्रफितींतूनही मिळाले. २०१७ साली शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले काकडदरा त्यात पहिले आले. बक्षीस ५० लाखांचे!

आपले बक्षीस वही-पेनाचे असले तरी चालेल. ते देखण्या चित्राला नको. जो लघुपट पाहून कोणी नगरपंचायतीत जाऊन नदीबद्दल विचारील, त्याला द्या.