पानभर समुद्र, बोटभर बाई

मुलांना थोरांचे चरित्र सांगताना आपण त्या माणसाला मोठा करत करत पार आभाळाला टेकवतो. क्लेअर निव्होला यांचे ‘लाइफ इन द ओशन’ हे 2012 सालचे चित्रपुस्तक तसे करत नाही. सिल्व्हिया अर्ल या अमेरिकन समुद्रसंशोधक बाईंचे हे चरित्र. पण पानभर पसरलेला असतो तो समुद्र. बाई इवल्याशा, शोधाव्या लागतात.

पुस्तक इंग्रजीत. मोहल्ल्यातल्या मुलांना मी ते चित्रांवर बोट ठेवून मराठीत सांगतो. 1935 साली जन्मलेली, न्यू जर्सीच्या शेतावर वाढलेली मुलगी. तळ्याकाठी तासन्‌तास जीवजंतू न्याहाळणारी. मग कुटुंब फ्लोरिडाला गेले आणि मेक्सिकोचे आखात थेट अंगणाशी आले. 1964 मध्ये ती हिंदी महासागराच्या मोहिमेवर निघाली. बोटीवर सत्तर पुरुष, बाई एकटी.

“चाचा, घरच्यांनी जाऊ दिलं?” एका मुलीने विचारले. तिच्या थोरल्या बहिणीची शाळा त्याच वर्षी सुटली होती. मी म्हटले, “दिलं. घरी दोन लहान मुलं होती, तरी गेली.” ती काही बोलली नाही. पुढच्या प्रत्येक पानावर मात्र बाईंना सगळ्यांच्या आधी तीच शोधू लागली.

मला आवडते ते खोल पाण्याचे पान. 1979 मध्ये हवाई बेटांजवळ, चिलखतासारखा पोशाख चढवून, अर्लबाई 381 मीटर खाली समुद्राच्या तळावर अडीच तास चालल्या. तिथल्या बांबूसारख्या प्रवाळांना स्पर्श केला की निळ्या प्रकाशाची वलये उठत. इथे मी खोलीतला दिवा मालवतो आणि विचारतो, कसला निळा? शाईचा, मोरपिसाचा, गॅसच्या ज्योतीचा... मुले थांबत नाहीत. कवीने अशा वेळी गप्प बसावे.

हिंदी महासागराच्या त्याच आंतरराष्ट्रीय मोहिमेतून 1966 साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिथे काम केलेल्या अदिती पंत 1983-84 च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या. जन्म नागपूरचा. ॲलिस्टर हार्डी यांचे ‘द ओपन सी’ हे पुस्तक हाती पडले आणि त्या समुद्रविज्ञानाकडे वळल्या. त्यांच्यावर असे चित्रपुस्तक मराठीत कुणी काढले, तर पहिली प्रत मी घेईन. तूर्त तोंडीच सांगतो.

“पण नागपूरला समुद्र कुठाय?” त्याच मुलीने विचारले. मग नकाशा काढावा लागला.