आवडत्या गाण्याचे वय
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीत विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या या अंगणातून गेल्या. अशा पिढ्या एकत्र बसल्या आणि गाण्यांचा विषय निघाला की एक वाद हमखास उभा राहतो. सत्तरीतील आजोबांना सुधीर फडके आणि गजानन वाटवे यांच्यानंतर गाणे संपल्यासारखे वाटते. पन्नाशीतील काकूंना हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींपुढे काही सुचत नाही. तिशीतील तरुण संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या कवितांच्या कार्यक्रमाचे दिवस आठवतो, तर शाळकरी मुले अजय-अतुल यांच्या ठेक्यावर पाय धरतात. प्रत्येकाचे ठाम मत असते, की खरे संगीत आपल्याच वेळी होते. सगळ्यांचे म्हणणे एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. मग प्रत्येकाला तसे मनापासून का वाटते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि शाळेसाठी तर तो अगत्याचा आहे.

पहिले उत्तर बहुतेकांच्या ओठांवर असते : जुनी गाणी खरोखरच चांगली होती. त्यात तथ्याचा अंश आहे. पण त्यामागे काळाची चाळणीही आहे. ज्या वर्षी एक अजरामर गीत ध्वनिमुद्रित झाले, त्याच वर्षी कितीतरी सामान्य गाणीही निघाली. काळाने ती गाळून टाकली. आज जुन्यातले निवडक आणि नव्यातले सगळे अशी तुलना होते, आणि निकाल आधीच लागलेला असतो. शिवाय ही तक्रार प्रत्येक काळात झालेली आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि नाट्यपदे घरोघरी गेली. १९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट झळकला, आणि पुढे ज्यांचे कान नाट्यसंगीतावर पोसले होते त्यांना चित्रपटगीते उथळ वाटू लागली. चित्रपटगीतांवर वाढलेल्यांना नंतरच्या ध्वनिफिती कर्कश वाटल्या. काल ज्यांच्या आवडीला नावे ठेवली गेली, तेच आज नव्यांना नावे ठेवतात.

तेव्हा उत्तर गाण्यात जितके आहे, तितकेच ऐकणाऱ्याच्या वयात आहे. १९८९ मध्ये मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. १९३२ ते १९८६ या काळातील २८ लोकप्रिय गाण्यांचे तुकडे त्यांनी निरनिराळ्या वयाच्या १०८ जणांना ऐकवले आणि प्रत्येकाची आवड विचारली. जे गाणे लोकप्रिय असताना ऐकणाऱ्याचे वय साधारण तेवीस-चोवीस होते, त्या गाण्याला सरासरीने सर्वाधिक पसंती मिळाली. त्याआधीची आणि त्यानंतरची गाणी कमी कमी आवडत गेली. मानसशास्त्रज्ञांचे आणखी एक निरीक्षण याला जोडून पाहावे. उतारवयातील माणसांना आयुष्यातील आठवणी सांगायला लावले, तर दहा ते तीस या वयातील आठवणींची गर्दी इतर वर्षांपेक्षा अधिक दिसते.

असे का होत असावे? या वयात अनेक गोष्टी प्रथमच घडतात. घराबाहेरची पहिली मैत्री, पहिले अपयश, पहिली कमाई, मनातच राहिलेली पहिली ओढ. आपण कोण आहोत, कोणाच्या बाजूचे आहोत, याचा निर्णय माणूस याच काळात करतो, आणि गाणे त्या निर्णयाची खूण बनते. आईवडिलांना न आवडणारे गाणे मोठ्याने लावणाऱ्या मुलाला केवळ गाणे ऐकायचे नसते. आपले वेगळेपण त्याला ऐकवायचे असते. त्यात भर पडते ती पुनरावृत्तीची. ओळखीची गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागते, हे १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले. तारुण्यात वेळ असतो, सोबती असतात आणि एकच गाणे शंभरदा ऐकण्याचा उत्साहही असतो. पुढे प्रपंच मागे लागतो आणि नव्या गाण्याला तेवढी संधीच मिळत नाही. नवे गाणे वाईट असते असे नाही. त्याच्यासोबत जगायला सवड नसते.

संस्कारक्षम वयात कानावर पडलेला सूर आयुष्याची दिशाही बदलू शकतो. गदगचा एक मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकून भारावला, आणि १९३३ मध्ये, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. पुढे त्याच भीमसेन जोशींनी मराठी अभंगांची ‘संतवाणी’ आणि कन्नड ‘दासवाणी’ एकाच तन्मयतेने गायिली. कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला याहून जवळचे उदाहरण शोधावे लागत नाही.

आता हा प्रश्न शिक्षकांच्या आणि पालकांच्या दारात येतो. स्नेहसंमेलन जवळ आले की दरवर्षी तीच चर्चा होते. मुलांना नव्या चित्रपटातील गाणे हवे असते, मोठ्यांना ते अशोभनीय वाटते, आणि अखेर एक यादी निघते : ही गाणी चालणार नाहीत. या मार्गाने काय साधते, याची साक्ष देशाच्या इतिहासात आहे.

१९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते विद्वान होते, शास्त्रीय संगीताचे कळकळीचे पुरस्कर्ते होते आणि चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे प्रामाणिक मत होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोन केंद्र लावले. त्याच १९५२ च्या अखेरीस अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ तेथून सुरू झाली आणि देशभरातील तरुण ठरलेल्या रात्री रेडिओभोवती जमू लागले. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते स्वगृही परतली. ज्यांच्या तारुण्यावर ती बंदी घातली गेली होती, त्या पिढीला आज सर्वांत प्रिय असलेली गाणी नेमकी त्याच काळातील आहेत.

परंतु याच काळाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. आकाशवाणीने या वर्षांत सुगम संगीताला स्वतंत्र स्थान दिले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’ला आरंभ झाला. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्याला एक नवे गीत, याप्रमाणे एप्रिल १९५६ पर्यंत छप्पन्न गीते प्रसारित झाली. गीताच्या वेळी लोक काम बाजूला ठेवून बसत. कोणी रेडिओला हार घालीत, कोणी उदबत्ती लावीत. पुढे इतर भाषांबरोबर कन्नडमध्येही या गीतांचा अनुवाद झाला. कोणावरही सक्ती नव्हती, कशावरही बंदी नव्हती. नेमाने, आठवड्यामागून आठवडा, उत्तम शब्द आणि उत्तम सूर लोकांपर्यंत पोहोचवले गेले, एवढेच. मनाईने श्रोते दूर गेले आणि नेमाने दिलेल्या चांगल्या गाण्याने ते जवळ आले. एकाच दशकातील हे दोन अनुभव शाळेने शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

बंगळूरसारख्या शहरात तर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील मराठी घरातील मुलाचे कान एका भाषेत वाढत नाहीत. मुळात ‘आकाशवाणी’ हा शब्दच या राज्याची देणगी आहे. १९३५ मध्ये प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी म्हैसूर येथे सुरू केलेल्या नभोवाणी केंद्राला हे नाव मिळाले आणि पुढे ते साऱ्या देशाचे झाले. चामराजपेठेतील रामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव १९३९ पासून कर्नाटक संगीताचे सूर नागरिकांपर्यंत पोहोचवीत आहे. १९७८ मध्ये निसार अहमद यांच्या कवितांची ‘नित्योत्सव’ ही ध्वनिफीत निघाली आणि कन्नड भावगीत घरोघरी गेले. मराठीत भावगीताने जे केले, तेच तेथेही घडले. एप्रिल २००६ मध्ये डॉ. राजकुमार निवर्तले तेव्हा एका संपूर्ण पिढीला आपले तारुण्य हरपल्यासारखे वाटले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘मुंगारु मळे’ प्रदर्शित होऊन त्यातील गाणी पुढच्या पिढीची झाली. २००७ च्या मार्चमध्ये पॅलेस ग्राउंड्सवर ‘आयर्न मेडन’ हा इंग्रजी वाद्यवृंद गाजला, तेव्हा या शहरातील हजारो तरुणांना तेही आपलेच संगीत वाटले.

यात खंत करण्यासारखे काही नाही. ज्या मातीत मूल वाढते तिचे सूर त्याला आपले वाटणे हे त्या मातीचे आणि मुलाचे भाग्यच आहे. या शाळेतून बाहेर पडलेल्या एखाद्या गृहस्थाचे डोळे राजकुमारांच्या आवाजाने पाणावत असतील, तर त्याचे मराठीपण उणे होत नाही. काळजी करावी अशी गोष्ट वेगळी आहे. त्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्या कानावर मराठी गाणे पडलेच नाही, तर पुढे कितीही अभिमान बाळगला तरी ती जागा भरून निघणे अवघड असते. चाळिशीत भाषा शिकता येते. चाळिशीत बालपण मिळवता येत नाही. स्मृतिभ्रंशाने घरच्यांची नावे विसरलेले वृद्धही लहानपणीचे गाणे लागले की ओठ हलवू लागतात, असा अनुभव अनेक कुटुंबांनी घेतला आहे. इतक्या खोलवर जे राहते, त्यात मातृभाषेचा वाटा असावा की नसावा, हे ठरण्याचे वय शाळेच्याच हाती असते.

येथे एक आश्वासक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१३ मध्ये कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी विशीतील अमेरिकी विद्यार्थ्यांना गेल्या अनेक दशकांतील गाणी ऐकवली. या मुलांना स्वतःच्या काळातील गाणी जवळची वाटली, हे अपेक्षितच होते. पण आईवडिलांच्या तारुण्यातील गाण्यांविषयीही त्यांना विशेष जिव्हाळा असल्याचे दिसले, आणि त्याही मागच्या, आजीआजोबांच्या पिढीशी जुळणाऱ्या १९६० च्या दशकातील गाण्यांविषयीही. घरात मोठी माणसे जे मनापासून ऐकतात, ते लहानांच्या आठवणीत झिरपते. उपदेश न करता, केवळ स्वयंपाकघरात वा प्रवासात लावलेल्या गाण्यातून वारसा पुढे जातो. ‘आमच्या वेळची गाणी’ म्हणून नव्या पिढीला हिणवणारे आजोबा मुलाला गाण्यापासून दूर लोटतात. तेच गाणे त्याच्या शेजारी बसून ऐकणारे आजोबा ते त्याच्या हाती सोपवतात.

म्हणून हीरक महोत्सवाच्या निमित्ताने तीन लहान गोष्टींचा विचार व्हावा. पहिली, परिपाठाच्या वेळी आठवड्याला एक मराठी गाणे मुलांनी शिकावे, आठवडाभर तेच म्हणावे. वर्षाकाठी तीस-पस्तीस गाणी सहज होतात आणि दहा वर्षांत तीनशे. त्यात ओवी असावी, अभंग असावा, भावगीत असावे आणि आजचे चांगले गाणेही असावे. दुसरी, स्नेहसंमेलनात एक गाणे मुलांनी पूर्णपणे स्वतःच्या आवडीने निवडावे, आणि ते का आवडते हे त्यांनी मंचावर चार वाक्यांत मराठीत सांगावे. आवडीचे कारण शोधताना अभिरुची आपोआप घडते. तिसरी, प्रत्येक विद्यार्थ्याने सुटीत आजीला किंवा आजोबांना विचारावे : तुम्ही पंधरा वर्षांचे असताना कोणते गाणे गुणगुणत होता, ते प्रथम कोठे ऐकले, सोबत कोण होते? उत्तर वहीत लिहून आणावे. साठ वर्षांच्या शाळेचा याहून जिवंत इतिहास कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

मित्रहो, आज पाचवीच्या वर्गात बसलेले मूल पन्नास वर्षांनी अशाच एखाद्या सभागृहात बसलेले असेल. तेही नातवंडांना सांगेल, की गाणी होती ती आमच्या वेळची. ते म्हणणे आज कोणाला थांबवता येणार नाही, आणि थांबवण्याचे कारणही नाही. त्याच्या त्या आवडत्या गाण्यांत एखादे या शाळेच्या परिपाठात शिकलेले मराठी गाणे असावे, एवढी सोय मात्र आजच करता येते.