आपल्याच रक्तातील राखणदार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून पाहुणी बोलवावी, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा घरच्याच बाईला उभे केले, याचा मला आनंदही आहे आणि थोडे दडपणही आहे. शहापुरात संसार आणि मुरबाडच्या शाळेत शास्त्राची शिक्षिका, असे माझे आयुष्य गेले. किन्हवली-सरळगावच्या एस.टी.त पोरींच्या वह्या तपासता तपासता केस पांढरे झाले. तेव्हा आज बोलले तर थोडी शाळा वाटेल. ती गोड मानून घ्यावी.

विषय रक्ताच्या कर्करोगाचा आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी हा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. पण ज्या दुखण्याचे नाव घ्यायला आपण भितो, तेच आपल्याला अंधारात गाठते. म्हणून आधी माझ्या घरातली गोष्ट सांगते.

१९९३ साली माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा सात वर्षांचा होता. माघात त्याला ताप येऊ लागला. ताप उतरे, पुन्हा चढे. चेहरा पांढराफटक झाला, मानेत गाठी आल्या, नडग्यांवर काळेनिळे डाग दिसू लागले. आम्ही म्हटले, खेळताना पडला असेल. पंधरा दिवस अंगाऱ्याधुपाऱ्यात गेले. शेवटी कल्याणच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि मुंबईला धाडले. तिथे रक्ताचा कर्करोग निघाला. औषधे सुरू झाली आणि महिन्याभरात पोर हसू-खेळू लागले. रक्तात रोग दिसेना. मात्र डॉक्टरांनी बजावले होते, की उपचार अडीच वर्षे चालवायचे आहेत.

आषाढ लागला. लावणीला माणूस मिळेना. दीर मला विचारायला आले, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. पोरगं तर अंगणात नाचतंय. लावणी उरकून गेलो तर चालंल ना?"

मी म्हणाले, "चालेल."

लावणीनंतर गौरी-गणपती आले, मग भातकापणी आली. कार्तिकात ताप पुन्हा आला आणि या वेळी औषधांना बधला नाही. संक्रांतीच्या आधी पोर गेले. दिरांनी मला कधी बोल लावला नाही. पण शास्त्र शिकवणाऱ्या बाईने उच्चारलेला तो एक शब्द आजही माझ्या कानात आहे. त्यानंतर या रोगाविषयी मिळेल ते मी वाचत गेले. आज सांगणार आहे ते त्यातलेच.

आपल्या हाडांच्या पोकळीत मगज असतो. रक्तातील पेशी तिथे तयार होतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, बारीक चपट्या कणिका रक्त थांबवतात आणि पांढऱ्या पेशी राखण करतात. या राखणदारांत अनेक जाती आहेत. त्यांतल्या दोन आज लक्षात ठेवा. एकीला बी पेशी म्हणतात; ती रोगजंतूंना धरून ठेवणारी द्रव्ये बनवते. दुसरी टी पेशी. ती रोगट झालेल्या पेशीला हुडकून स्वतः ठार करते. भाताच्या माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखणदार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे टी पेशीचे काम कळेल.

रक्ताच्या कर्करोगात या राखणदारांच्याच घरात बिघाड होतो. मुलांमध्ये जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्यात बहुधा बी पेशींची कच्ची पिलावळ बेसुमार वाढते. ती मोठी होत नाही, काम करत नाही, नुसती जागा अडवते. मग तांबड्या पेशी कमी पडून मूल फिके होते, कणिका कमी पडून अंगावर डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते आणि धड राखणदार न उरल्यामुळे ताप हटत नाही. आमच्या पोराच्या नडग्यांवरचे डाग पडल्याचे नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

तुम्ही विचाराल, टी पेशी या वेळी काय करते? ती पुष्कळदा फसते. भातात भातासारखेच रानभात उगवले, तर माळ्यावरचा माणूस त्याला धोंडा मारील काय? चोर आपल्यातलाच असल्यामुळे राखणदाराला तो ओळखू येत नाही.

या रोगावर माणसाने हळूहळू मात केली. १९४८ साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनॉप्टेरिन या औषधाने काही मुलांचा रोग काही काळ हटल्याचे जाहीर केले. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आज अनेक औषधे क्रमाने देतात आणि उपचार पुरे झाले, तर या प्रकारातली बहुतेक मुले बरी होतात. पुरे झाले तर, हे शब्द ध्यानात ठेवा.

आता आपल्या महाराष्ट्रातील एका बाईंची ओळख करून देते. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल समर्थ हुजूरपागेत आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या. लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवण्याची व वाढवण्याची विद्या त्या शिकल्या. परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी वाढवण्याची भारतातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्तनांच्या कर्करोगावर आणि रक्ताच्या कर्करोगावर त्यांनी उंदरांवर प्रयोग करून अभ्यास केला. १९७३ साली सहकारी स्त्रियांना घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

एवढ्या मोठ्या बाई प्रयोगशाळेतच बसून राहिल्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला. अकोले म्हणजे काय दूर आहे? आपल्या डोंगराच्या पलीकडचे रतनगड, हरिश्चंद्रगडाचे रान. २००१ साली कमलाबाई निवर्तल्या.

त्यांची संस्था आता खारघरला आहे, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या आवारात. पेशी बाहेर वाढवण्याची जी विद्या त्यांनी मुंबईत रुजवली, तिचा एक विलक्षण उपयोग त्याच आवारात झाला. तो असा. पवईच्या आय.आय.टी.त डॉ. राहुल पुरवार २०१३ साली अमेरिकेहून येऊन रुजू झाले. अलका द्विवेदी, अथर्व करूळकर अशा तरुण विद्यार्थ्यांना हाताशी धरून, आणि टाटा केंद्राच्या डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन यांच्या साथीने, त्यांनी फसलेल्या राखणदाराला चोर ओळखायला शिकवण्याचे काम हाती घेतले.

रोग्याच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात. बी पेशींच्या अंगावर सीडी-१९ नावाची एक खूण असते. ती ओळखणारा नवा पंजा टी पेशीला फुटावा, अशी जनुकाची सूचना एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून तिच्यात पोचवतात. मग त्या पेशी प्रयोगशाळेत कोट्यवधींनी वाढवतात आणि सलाइन लावावे तशा रोग्याच्या शिरेत परत सोडतात. औषध बाहेरचे नाही. रोग्याचाच राखणदार, फक्त खूण पटवून पाठवलेला! याला कार-टी उपचार म्हणतात. चोरांबरोबर चांगल्या बी पेशीही मरतात, आणि कधी जोराचा ताप येऊन रक्तदाब उतरतो, म्हणून रोग्याला डोळ्यांत तेल घालून जपावे लागते.

अमेरिकेत २०१२ साली एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला हा उपचार दिला गेला. आधीच्या सर्व औषधांनी हात टेकले होते. ती मुलगी आज तरुण आहे, रोगमुक्त आहे. परंतु परदेशात या उपचाराला तीन-चार कोटी रुपये पडत. आपल्याकडे ४ जून २०२१ रोजी खारघरला पहिल्या रोग्याला देशी बनावटीच्या पेशी दिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला त्याचे लोकार्पण झाले. नेक्सकार-१९ हे त्याचे नाव. सुरुवातीला किंमत तीस ते चाळीस लाखांच्या घरात, म्हणजे परदेशाच्या सुमारे दहावा हिस्सा होती. रोग परतलेल्या किंवा औषधांना न जुमानणाऱ्या रोग्यांवरील चाचण्यांत सुमारे ७३ टक्क्यांना गुण आला.

भगिनींनो, तानसा आणि भातसा आपल्या तालुक्यातली. परळला आणि पवईला पितात, ते पाणी आपल्याकडचे. तिथे लागलेल्या शोधावर आपल्या लेकरांचा हक्क आहे, असे मी म्हणेन. पण खोटी आशाही दाखवणार नाही. हा उपचार मान्य झाला तो पंधरा वर्षांवरील रोग्यांसाठी, आणि रोग परतल्यावर किंवा साध्या औषधांनी न हटल्यावर. तीस लाख आपल्यापैकी कोणाच्या फडताळात आहेत? म्हणजे सात वर्षांच्या पोराचा जीव आजही त्या अडीच वर्षांच्या साध्या औषधांवरच आहे. ती मुंबईत मिळतात. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रोग्याच्या माणसांना राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. शास्त्रज्ञांनी त्यांचे काम केले. उरले ते आसनगाव स्टेशनपासून आपल्या उंबऱ्यापर्यंतचे काम, आणि ते आपले आहे.

माझी मंडळाला विनंती आहे. मुलाचा ताप दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला, मूल फिके पडले, अंगावर आपोआप डाग उठले, हाडे दुखतात म्हणून रात्री रडू लागले, तर शेजारणीने तिथल्या तिथे म्हणावे, "आधी रक्त तपासून घे." बहुधा काही निराळेच साधे दुखणे निघेल. निघाले तर देवाला साखर ठेवू.

आणि कोणाच्या घरी हा रोग निघालाच, तर मंडळाने एक वही घालावी. त्या मुलाच्या मुंबईच्या तारखा तीत लिहाव्यात. आईबरोबर गाडीत बसायला पाळीपाळीने एकेक बाई निघावी. रक्त लागले तर आपल्या पोरांनी द्यावे. आपल्याकडे शेतीला सावड करायची जुनी रीत आहे. आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या. तशीच सावड उपचारांना करावी. तारीख लावणीत आली, तर तिच्या आवणाची रोपे आपण लावू, पण तिचे पोर गाडीत बसलेच पाहिजे.

पुन्हा कोणी मला विचारले, "बाई, लावणी उरकून गेलो तर चालेल ना?" तर मी सांगणार आहे, "नाही चालणार. तुम्ही जा. लावणीला आम्ही येतो." हे वाक्य मला एकटीला म्हणता येणार नाही. तुम्ही सगळ्या पाठीशी असाल तरच म्हणता येईल.