घटस्फोटानंतर उरलेली पॉलिसी



नवराबायकोनं मिळून विमा काढलेला असतो. पॉलिसी एक, हप्ता एक, नावं दोघांची. पुढे पटत नाही आणि परस्परसंमतीनं घटस्फोट होतो. संमतीच्या अटींत फ्लॅट येतो, दागिने येतात, मुलांचा ताबा येतो, क्वचित फ्रिज आणि गॅसची शेगडीसुद्धा येते. कपाटातल्या फाइलमधली पॉलिसी तेवढी राहून जाते. मग काही वर्षांनी कुणा नातेवाइकाचा फोन येतो, की पूर्वीचा नवरा गेला. आणि बाई म्हणते, ‘आता माझा काय संबंध?’

संबंध असू शकतो. पोस्टाची ‘युगल सुरक्षा’ घ्या. दोघांपैकी एक गेलं, की मागे राहिलेल्याला विम्याची रक्कम बोनससह मिळते. आयुर्विमा महामंडळाच्या जुन्या ‘जीवन साथी’त पहिल्या मृत्यूनंतर रक्कम मिळायची, पुढचे हप्ते बंद व्हायचे आणि दुसऱ्याचं विमासंरक्षण मुदतीपर्यंत चालू राहायचं. अशा पॉलिसीत मागे राहिलेली व्यक्ती नुसती नॉमिनी नसते, ती स्वतःच विमेदार असते. म्हणून आधी पॉलिसीचा बॉण्ड काढून घटस्फोटाबद्दल काही कलम आहे का ते वाचावं. असलं, तर तेच लागू. नसलं, तर केवळ लग्न मोडलं म्हणून करार मोडत नाही. विमा घेताना एकमेकांच्या आयुष्यात आर्थिक हितसंबंध हवा; मृत्यूच्या दिवशीही तो हवाच, अशी अट आयुर्विम्यात नाही. लंडनच्या न्यायालयानं १८५४ साली हे ठरवलं आणि आपल्याकडेही तेच तत्त्व चालत आलं आहे.

पॉलिसी एकट्या नवऱ्याची असेल आणि बायको फक्त नॉमिनी असेल, तर मात्र गोष्ट निराळी. विमा कायद्यात घटस्फोटानं नॉमिनीचं नाव आपोआप रद्द होत नाही. विमेदारानं ते बदलावं लागतं. त्यानं बदललं नसेल, तर कंपनी रक्कम त्या नावावर देऊ शकते. पण ती रक्कम तिचीच का? सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८३ साली सांगितलं, की नॉमिनी पैसे घेतो, मालकी वारसांची. विमा कायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीनं आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील, तर त्यांना मालकी दिली. आता घटस्फोटित बाई ‘पत्नी’ या शब्दात बसते का, यावर सासरची माणसं भांडू शकतात, आणि तेव्हा वकील गाठलेला बरा. मात्र १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली तिचं नाव घालून पॉलिसी काढली असेल, तर ती रक्कम तिच्यासाठी विश्वस्त निधीच असते. नवऱ्याला ते नाव मनास येईल तेव्हा खोडता येत नाही.

बहुतेकींचं पाऊल अडतं ते दाव्यासाठी लागणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यापाशी. जुन्या सासरी फोन कोण करणार? करायची गरज नाही. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्याप्रमाणे फी भरून कुणालाही नोंदीचा उतारा मागता येतो; त्यात मृत्यूचं कारण तेवढं दिलेलं नसतं. मृत्यूची नोंद जिथे झाली, त्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जावं. बॉण्ड जुन्या सासरीच राहिला असेल, तर कंपनी हमीपत्र लिहून घेते. तेवढ्यासाठी दावा सोडू नये.

खरी अडचण हप्त्यांची. वेगळं झाल्यावर ‘तो भरत असेल’ असं ती समजते, ‘ती भरत असेल’ असं तो, आणि पॉलिसी मुकाट्यानं बंद पडते. तरीही विचारून घ्यावं. तीनेक वर्षं हप्ते भरलेल्या जुन्या पॉलिसीत बहुधा पेड-अप, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणातली, रक्कम उरलेली असते, कमी का होईना.

चौकशीची गरज नसेल, तर कंपनीनं मृत्यूदावा १५ दिवसांत निकाली काढायचा असतो आणि चौकशी लागली तर ४५ दिवसांत. कंपनीनं नाकारलं किंवा महिनाभर दाद दिली नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील नाही, मर्यादा ५० लाखांची. पोस्टाचा विमा मात्र विमा कायद्याच्या बाहेर, त्यामुळे त्याचा दावा पोस्टाकडेच करायचा आणि तक्रारही तिथेच मांडायची.

बातमी उशिरा कळली असेल तरी हात झाडून बसू नका. कंपनीकडे १० वर्षं बेवारस पडलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, आणि तिथे गेल्यावरही २५ वर्षांपर्यंत ती कंपनीमार्फतच मागता येते.